उलटा ठेवलेला कान

ती. आत्या,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर वाकले तर मान पुन्हा धरेल).

मी नऊ वर्षांची असताना तू मला म्हणाली होतीस, ‘‘खोटं बोलायचं तर दोन शब्दांत उरक, खरं बोलायचं असेल तर हवा तेवढा वेळ घे.’’ तेव्हा प्रश्न फुटलेल्या बरणीचा होता. आज हत्तिणीचा आहे. तेव्हा चष्मा लाव आणि नीट टेकून बस. गुडघा कसा आहे? तेल रोज चोळतेस की फक्त मी फोनवर विचारलं की चोळतेस? आमच्याकडे सगळे बरे आहेत. फक्त घरातल्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलंय, कारण आठवडाभर मी जेवताना प्रत्येकाला ‘तुझा डावा हात कुठला?’ असं विचारते आहे.

तुला वाटतं, मी या हत्तींच्या आसऱ्यात हत्तींना आंघोळ घालते. नाही गं. मी त्यांच्या कानांची चित्रं काढते. प्रत्येक हत्तीच्या कानाची कड वेगळी फाटलेली असते, त्यावरून हत्ती ओळखतात. मी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती कड उतरवते आणि फायलीत लावते. एखादा हत्ती शेतात शिरू लागला आणि तक्रार आली, की आमची माणसं तो शोधतात, बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारतात आणि ट्रकने अकरा तासांवरच्या मोठ्या जंगलात नेऊन सोडतात. ट्रकमध्ये चढवण्याआधी मी कागद कानाशी धरायचा आणि ‘हो, हाच’ म्हणायचं. एवढंच माझं काम. सगळ्यांत सोपं, म्हणून मला दिलेलं.

तुझी तक्रार ठेकेदारिणीबद्दल होती. (हे नाव आमच्या ड्रायव्हरने ठेवलं. ती केळीची रांग एका टोकाला धरते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मान वर करत नाही. अर्धवट काम तिला खपत नाही.) तिच्या डाव्या कानाला खाली अर्धगोल तुकडा नाही. त्या दिवशी सकाळी तुझ्या बागेमागच्या ओढ्याशी एक हत्तीण दिसली, डॉक्टरीणबाईंनी नेम धरला, आणि ती बिचारी आधी गुडघ्यांवर बसली आणि मग डोळा लागल्यासारखी कुशीवर झाली. मी कागद धरला. जुळेना. उलटा करून धरला, आणि काय सांगू, रेषेवर रेष! जुळल्याचा आनंद इतका झाला, की उलटा का करावा लागला हे विचारायचं राहूनच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘नक्की?’’ मी म्हटलं, ‘‘नक्की.’’ आणि तू कुंपणापलीकडून कमरेवर हात ठेवून ओरडलीस, ‘‘अगं हीच ती मेली! डोळेच सांगतायत!’’ (मी दोष वाटून घेत नाहीये. कोण कुठे उभं होतं एवढंच लिहिते आहे.)

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, की पुन्हा एक रांग साफ झाली. मी म्हटलं, ‘‘दुसरी असेल.’’ आत्या, दोनच शब्द! तुला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मला मात्र चैन पडेना. मी कार्यालयात सगळं कबूल केलं, पण कोणाला पटेना, कारण कोणाला कळेना. मग ड्रायव्हर म्हणाला, ‘‘थांबा, मी हत्ती होतो,’’ आणि दोन्ही कानांशी एकेक फाइल धरून फरशीवर आडवा झाला. मी त्याच्या एका फाइलवर ‘डावा’ अशी चिठ्ठी चिकटवली. तो कुशीवर वळला, चिठ्ठी खाली गेली. डॉक्टरीणबाई त्याच्या डोक्याकडे, मी पायांकडे, दोघींचे डावे वेगळे. तो खालून विचारतोय, ‘‘माझा डावा की तुमचा डावा? एक काहीतरी ठरवा, बाई, फरशी गार आहे.’’ तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ‘‘इतकं काय अवघड आहे त्यात?’’ म्हणाले आणि कोट काढून स्वतः शेजारी आडवे झाले. पाऊण तासाने उठले तेव्हा त्यांनाही बूट आधी कुठला घालायचा ते आठवेना. पण निकाल लागला. हत्तीण डाव्या कुशीवर होती, वर दिसत होता तो उजवा कान, आणि मी नेली ती ठेकेदारीण नव्हतीच.

मी नेली मास्तरीण. ती पुढे चालते आणि बाकीचे सात रांगेत तिच्या मागे. आता ते सातजण ओढ्याशी उभे आहेत. एखादी चार पावलं टेकडीकडे जाते, मागे बघते, परत येते. मग दुसरी पाण्याकडे जाते, तीही परत येते. आणि सातातलं सर्वांत लहान, आत्या, ते तिचं पिल्लू. त्या दिवशी ते गवतात लपलं होतं. ठेकेदारिणीला पिल्लू नाही असं फायलीत लिहिलेलं, म्हणून कोणी शोधलं नाही. ते ट्रकच्या चाकांच्या खुणा हुंगत असतं. (इथे कंसात काहीतरी लिहिणार होते. राहू दे.) तिकडे मास्तरिणीच्या गळ्यातला पट्टा ती कुठे आहे ते संगणकावर ठिपक्याने दाखवतो. रोज सकाळी तो ठिपका त्या जंगलाच्या आपल्याकडच्या कुंपणाला चिकटलेला असतो.

असं आहे सगळं. तू मात्र जिने कमी चढ.

तुझी,
भाची

ता. क. – सोबत एक कागद आहे. नेलेला हत्ती परत आणायचा तर तक्रार करणाऱ्याची हरकत नसावी लागते. मास्तरिणीने तुझं एक केळंसुद्धा खाल्लेलं नाही, तेव्हा तू सही करशीलच. खुणेच्या जागी कर. (खूण उजवीकडे आहे. ड्रायव्हरने तपासली आहे.)

ता. क. – सोमवारी ट्रक तिला घेऊन येईल. येतोच आहे तर परत जाताना खऱ्या ठेकेदारिणीला घेऊन जाईल, कारण तुझी तक्रार अजून उभी आहे. चूक दुरुस्त होते म्हणून साहेब खूश आहेत.

ता. क. – मी काल ओढ्यावर गेले होते. ठेकेदारीण आयुष्यभर एकटी फिरली, पण आता ती कळपात उभी असते आणि पिल्लू तिच्या पायांमध्ये. दिवसभर ती हलत नाही. अंधार पडला की तुझ्या बागेत एक रांग उरकते आणि धावत परत येते. आई आल्यावर पिल्लू आईकडे जाईल, मग ही कशाला, असं तू म्हणशील. मीही तेच म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘नक्की?’’ मी घरी येऊन हा तिसरा ता. क. लिहायला बसले. ती केळी तू पाठ मोडून लावली आहेस, आणि पिल्लू सुटं व्हायला अजून दोन वर्षं आहेत (खरं तर तीन म्हणाल्या). तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी विचारते. आत्या, ठेकेदारिणीवरची तक्रार मागे घेशील?