खिंडीपलीकडचा बोकड

दिनांक १७ नोव्हेंबर, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. एका हाताने करडाला बाटलीने दूध पाजतो आहे, दुसऱ्याने लिहितो आहे. ओळी वाकड्या गेल्या तर माफ करा.

तीर्थरूप काका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. बाबांचा गुडघा बरा आहे, स्वभाव तसाच आहे.

यंदाच्या निम्म्या करडांचा खालचा जबडा आखूड आहे. त्यांना आचळ धरताच येत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचा बोकड शेवटचा कधी आणला?" बाबा छताकडे बघत राहिले. मीच सांगितलं, पूर्वी आमचा एक काकांकडे जायचा, त्यांचा एक इकडे यायचा; सात वर्षं ते बंद आहे.

डॉक्टर म्हणाले, "तेवढ्या ये-जा करण्यानेच दोन्ही कळप एकसारखे राहिले होते. वाट बंद झाली, की जो तो आपल्या वळणाने जातो. यांचे दोष यांच्यातच साचले."

खरं आहे. परवा बाजारात तुमच्या शेळ्या पाहिल्या. कान लांब, अंग तांबूस. पूर्वी तुमची कोणती नि आमची कोणती, हे रंग लावल्याशिवाय कळत नसे.

बोकड पाठवताना तुम्ही निरोप द्यायचात, "जावई येतोय, मानपान सांभाळा." बाबा म्हणायचे, "जावई कसला, दुष्काळ धाडलाय." मग कुरणाच्या हद्दीवरून तुमचं बिनसलं आणि ते हसणंही गेलं.

डॉक्टर म्हणतात, बाजारातून नर आणा. बाबा म्हणतात, "कुणाचा कोण, रोगराई घेऊन यायचा." कुणाचा चालेल ते मला कळतं. त्यांच्या तोंडून निघत नाही.

आता जे टाळत होतो ते लिहितो. गेल्या वर्षी तुमचा राखाडी बोकड आपणहून खिंड ओलांडून आमच्या शेळ्यांत आला होता. बाबा बघतील या धास्तीने मी त्याला दगड मारून हाकललं. एक दगड पायावर बसला. तो लंगडत तुमच्या घरी परतला, तुम्हाला वाटलं हे बाबांचंच काम, आणि तुम्ही खिंडीत फाटक घातलंत. बाबा समजले, तुम्ही आकसाने घातलं. मी दोघांच्या मधे गप्प राहिलो. आम्हाला हवं होतं तेच दाराशी आलं होतं, काका.

काल बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता मारतील. ते दावं वळायला बसले. मग म्हणाले, "पाय बरा झाला का त्याचा?"

उत्तर तुमच्याकडे आहे. तुम्ही द्या. आणि फाटक उघडणार असाल, तर लंगडत असला तरी त्यालाच पाठवा.

त्याला दगड मारणारा,
तुमचा पुतण्या