डब्यावरचं माहेरचं नाव

आई, तू गेलीस तेव्हा रत्नागिरीला रेल्वे यायचीच होती, त्यामुळे आपल्या गावात आता एक 'जुनं स्टेशन' आहे हे तुला मुद्दाम सांगायला हवं. जुनं म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान. पण जाहिरातीत तसंच छापलं होतं, आणि त्याच्या मालधक्क्यावर रविवारी पुराणवस्तूंचा बाजार भरणार म्हणून शेजारीण मला रिक्षात घालून घेऊन गेली. बाजार कसला, तुझं स्वयंपाकघरच तिथे चादरीवर मांडलेलं होतं. पाटा 'बागेसाठी', पेजेच्या पातेल्यात कागदी फुलं. नारळ खवायच्या विळीचं पातं काढून टाकलेलं आणि उरलेल्या लाकडावर चिठ्ठी, 'ध्यानाचं आसन'. मी विकणाऱ्याला विचारलं, "पातं कुठाय हिचं?" कानात बाळी घातलेला चांगला पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "कुणाला लागायला नको मॅडम. व्हिंटेज पीस आहे." म्हटलं, "मीही व्हिंटेजच आहे, पण माझं पातं अजून जागेवर आहे." शेजारीण मला कोपराने ढोसत होती, पण माझं डोकं फिरलं की ते कोपराने थांबत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आणि तिथेच तो डबा दिसला. पितळी, कडीचा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तुझं नाव. तुझं माहेरचं नाव, जे लग्नात बदलून टाकलं आणि नंतर फक्त भांड्यांवर उरलं.

मी पाचवीत आहे. कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात आम्ही डबे खायला बसलोय, सगळ्यांचे रंगीत प्लास्टिकचे आणि माझा हा, चिंचेने घासलेला. सिस्टर वाकून झाकण वाचतात. हे नाव कुणाचं? रजिस्टरात आईचं नाव तर दुसरंच आहे. सासरचं नाव, माहेरचं नाव, एवढं समजावून सांगितलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, "आमच्या कामवाल्या बाईचा डबा आहे."

पुढे पालकसभेत सिस्टर तुला म्हणाल्या, "तुमची बाई घावने फार सुरेख करते." तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि त्यांना म्हणालीस, "हो, जुनी आहे आमच्याकडे." घरी आलो. चूल पेटवताना पाठमोरीच म्हणालीस, "उद्यापासून बाई येत नाय हां. तुझा डबा तू भर." मी रात्रभर घाबरून पडले होते. सकाळी डबा भरलेला होता, घावनेच. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, आणि मी, जिची जीभ सगळ्या ऑफिसात गाजली, मीही नाही काढला. तू गेल्यावर तो डबा मी मोडीत घातला. स्टीलचा संच आला. तोही आता कुठे आहे कोण जाणे.

मालधक्क्यावर मी झाकणावरून बोट फिरवत उभी होते, तर तो माणूस म्हणाला, "नाव खटकत असेल तर घासून देतो. मशीन आहे. लोकांना दुसऱ्याचं नाव नको असतं." आणि खरंच डबा घ्यायला हात पुढे केला.

"हात लावू नका. माझ्या आईचं नाव आहे ते."

इतक्या मोठ्याने म्हटलं की गाडीसाठी पिशव्या घेऊन निघालेली माणसंही वळून बघायला लागली. शेजारीण म्हणाली, "अगोबाई, तुझ्या आईचा डबा? बघू दे गो." मी पैसे देऊन तो पिशवीत टाकला आणि सबंध रस्ता रिक्षात मांडीवर धरून आले. ती दोनदा म्हणाली, "बघू तरी." नाही दाखवला.

आता चिंच लावून घासला आहे. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तेव्हा डब्यातच ठेवीन. तुझ्या नावाच्या पुढे आडनाव दुसऱ्याच कुणाचं आहे, आणि खाली बारीक अक्षरांत गाव आहे, खेड. तू माहेरची सावर्ड्याची. शेजारणीला सांगेन की घरी आल्यावर कळलं. तुला मात्र सांगते, मालधक्क्यावर चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.