निर्दोष कोकरू

नंदाखाल,
पवित्र गुरुवार, १९८३

बाळा सॅन्टन,

तुरुंगात पत्र आधी साहेब वाचतात, म्हणून हे मी पाठवणार नाही.

आज मिस्सात फादर वल्हांडणाच्या कोकराबद्दल बोलले. त्याचं रक्त दाराला लावलं म्हणून मृत्यू घर ओलांडून पुढे गेला आणि घरोघरचे थोरले मुलगे वाचले. आपल्या घरात उलटं झालं. थोरला दिला आणि धाकटा वाचला.

कोकरू निर्दोष लागायचं, असंही ते म्हणाले. हाच शब्द ऐकायला मी कोर्टात रोज बसायचे. तिथे तो कुणी उच्चारला नाही.

पंपाच्या पाण्यावरून शेजाऱ्यावर कोयता धाकट्याने, जॉकिमने चालवला. तू तेव्हा केळीच्या बागेत होतास. जॉकिमची बायको गरोदर, तुझं लग्न झालेलं नाही. मीच तुला म्हटलं, "तुझ्यामागे कोण आहे?"

"तू आहेस ना, आई," म्हणालास आणि पोलिसांबरोबर गेलास.

आज घरी बिनखमिराची भाकरी थोरल्याने मोडायची, ती जॉकिमने मोडली. तुझं नाव काढलं तसा तो ताटावरून उठला.

येशू स्वतःहून गेला म्हणतात. मरियमाई क्रुसाखाली रडत उभी राहिली, पण तिने त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. पोलिसांना मी दाखवलं. पापनिवेदनाला तीनदा गेले आणि तीनदा दुसरीच पापं सांगून आले.

तुझ्यामागे उरलेली,
आई