बैल काय बोलला

प्रिय ज्योती,

रोज संध्याकाळी फोन होतो, तरी हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. शिरपूरला खत आणायला गेलो होतो, तिथून पाकीट आणलं. चार दिवस ते तसंच कोनाड्यात पडून होतं. आज लिहायला बसलोय.

इकडे सगळं ठीक आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. मी दोन वेळा जेवतो. शेजारच्या सुपडूची सून पुनम सकाळी भाकरी आणून देते, संध्याकाळी मी खिचडी टाकतो. तुझी आई जाऊन दीड महिना झाला. गावातले म्हणतात वनाभाऊ घट्ट मनाचा आहे, डोळ्यांतून टिपूस काढला नाही. मन घट्ट आहे की काय आहे, मला कळत नाही. बधिर झालेल्या पायावर उभं राहावं तसं वाटतं. पाय आहे हे दिसतं, एवढंच.

दिवसकार्य, गंधमुक्ती उरकून तू दीपनगरला परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवसापासून म्हशीने दूध चोरायला सुरुवात केली. पारडू लावलं, सरकी दिली, कोमट पाण्याने सड धुतले. धार निघेना. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले आजार काही नाही. मग पुनम आली आणि गोठ्याच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आबा, तिले गोष्ट सांगा ना. झुंबरमाय रोज सांगे."

मला माहीत नव्हतं असं नाही. अडतीस वर्षं धार काढताना तुझ्या आईचा आवाज गोठ्यातून यायचा. मी ओट्यावर असायचो, कधी रेडिओ, कधी मोबाइल. पण म्हशीला गोष्ट सांगायची म्हणजे ती आधी आपल्याला यायला हवी. मला एकच अर्धीमुर्धी आठवली. एका कुणब्याचा बैल असतो. कुणबी त्याला रोज पराणी टोचतो. बैल महादेवाकडे जाऊन रडतो. महादेव म्हणतो, बारा वर्षं मुक्याने राब, मग तुला एक वाक्य बोलता येईल. एकच. बारा वर्षं भरतात त्या दिवशी ऐन पेरणीत बैल पाभरीच्या तासात थांबतो, मान वळवतो आणि बोलायला तोंड उघडतो. कुणब्याच्या हातून पराणी गळून पडते.

इथपर्यंत मी सांगितली. सड हातात धरून, एकटाच, मोठ्याने. लाज वाटली. आणि पुढचं मला येईना. बैल काय बोलला? म्हैस कान हलवत उभी होती. त्या दिवशी तळाला पावशेर दूध आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच गोष्ट सांगितली, अर्धा लिटर आलं. आता दोन लिटरवर आलीय.

पण मला ते वाक्य पाहिजे होतं. सुपडूला विचारलं. तो म्हणाला, "बैल म्हनना, मालक, आज पाऊस येत नही, घर चाल." एका दुष्काळात तुझ्या आईने पारावर सगळ्यांना सांगितली होती म्हणे, आणि लोक किती दिवसांनी हसले होते. पुनमला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, बैल बोलला, "मलाही माहेर होतं." लग्न होऊन ती नवीन आली होती तेव्हा तिला असं सांगितलं होतं. म्हणजे ज्याला जे हवं ते वाक्य तुझी आई बैलाच्या तोंडी घालायची. अख्ख्या गावाकडे एकेक शेवट आहे. माझ्याकडे नाही.

मंगळवारी म्हशींचा व्यापारी प्रेमराज टेम्पो घेऊन आला. तू त्याला फोन केला होतास, माझ्या काळजीपोटीच, मला ठाऊक आहे. म्हैस देऊन टाकायची आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं, हे मीच कबूल केलं होतं. मी दावं सोडलं, म्हशीला टेम्पोपर्यंत नेलं, मग परत आणून बांधलं. तो म्हणाला, "भाऊ, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तो चहा पिऊन गेला. रागावू नकोस. मी सध्या येत नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. धुळ्याच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, तू खाली औषधं आणायला गेली होतीस. दुपारचे तीन वाजले असतील. तुझ्या आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आज बैलनी गोष्ट पुरी सांगस तुमले. ऐकशात ना?" मी म्हटलं, दम लागतोय तुला, घरी गेल्यावर सांग. तिने बरं म्हणून मान हलवली आणि कूस बदलली. पाच वाजता ती गेली. ज्योती, तुला लहानपणी ती गोष्ट तिने कितीदा तरी सांगितली असेल. तुझ्या गोष्टीतला बैल काय बोलला, तेवढं एका कागदावर लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस. फोनवर मी मध्येच बोलतो.

तुझाच,
आबा