ती सीट वापरू नकोस

बुधवार, दुपार

प्रिय ठमे,

हे पत्र तुला गुरुवारी सकाळी मिळेल, आणि त्याच्याबरोबर दुकानाचा माणूस एक मोठं खोकं आणून देईल. ते परत पाठवू नकोस. ‘आईनं पुन्हा लुडबुड केली’ असं जावईबापूंना फोन करून सांगायचं असेल तर खुशाल सांग, पण आधी खोकं फोड. त्यात भिंगरीसाठी नवी कार सीट आहे. पाळणाघरातून तिला आणशील ती याच सीटमधून आण, आणि शनिवारी तुम्ही तिच्या आत्याकडे निघाल तेव्हाही हीच सीट लावा. नऊ तासांचा हायवे आहे. तुझ्या गाडीत आत्ता जी सीट लावलेली आहे, तिच्यात माझ्या नातीला पाच मिनिटंसुद्धा बसवायचं नाही. का, ते सांगते. पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. मधेच कुणी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं की मला राग येतो, आणि राग आला की मी मुद्दा सोडून समोरच्याच्या चुका काढायला लागते. हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! म्हणून फोन केला नाही.

सहा महिन्यांपूर्वी भिंगरी गाडीतल्या त्या हँडलवाल्या टोपलीत मावेनाशी झाली, तेव्हा तू नवी सीट शोधायला लागलीस. तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. फ्रिजवर तू तक्ता चिकटवला होतास: किती किलोपर्यंत मागे तोंड, किती किलोपासून पुढे तोंड, खांद्याचे पट्टे कुठल्या खाचेत. दोन्ही कामांची सीट हवी, लहानपणी मागे तोंड करून बसवता येईल आणि मोठी झाली की तीच फिरवता येईल, असं तू मला समजावत होतीस, आणि मी काय म्हणाले? ‘एवढी चौकशी नवरा निवडताना केली नव्हतीस.’ जावईबापू हसले. तू हसली नाहीस. मग मी म्हणाले की तू लहानपणी पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर बसून गावभर फिरलीस आणि तुला काही झालं नाही. तू शांतपणे म्हणालीस, ‘आई, एक्स-रे विभागात चौतीस वर्षं काढलेल्या बाईनं हे बोलावं?’ मी तुझ्या चहाला नावं ठेवली.

मला खरा राग होता तो मागे तोंड करून बसवण्याचा. वर्गात खोडी केली म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं केल्यासारखं ते मूल दिसायचं. मागच्या काचेखेरीज दुसरं काही बघायला नाही. वास्तविक त्यामागचं कारण मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली तर सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकदम धरते, एकट्या मानेला हिसका बसत नाही. असल्या चिमुकल्या मानांच्या शेकडो फिल्म मी स्वतः काढल्या आहेत. पण लेकीचं बरोबर आहे असं तिच्या तोंडावर म्हणायची सवय मला कुणी लावली नाही.

काल मी एकटी दुकानात गेले. तिथे टाय लावलेले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, ‘या मावशी’ म्हणाले. मी सांगितलं, मी तुमची मावशी नाही, गिऱ्हाईक आहे, आणि मला मागे तोंड करून जास्तीत जास्त वजनापर्यंत चालणारी सीट दाखवा. तर म्हणे, ‘ही घ्या, हिला ग्लास ठेवायला दोन्हीकडे जागा आहे.’ बाई गं! मूल सुरक्षित राहील का विचारलं तर हा माणूस ग्लास दाखवतो. पुढे म्हणतो, ‘दोन वर्षं झाली की सगळे पुढेच तोंड करतात हो, मूल कंटाळतं.’ मी म्हटलं, कंटाळ्यानं मान मोडल्याची एकही केस माझ्या विभागात आली नाही. मी तीन सीटा जमिनीवर उलट्या करून मांडल्या आणि तळाचे स्टिकर वाचले. कुठल्या वर्षापर्यंत वापरायची ते तिथे छापलेलं असतं, हे त्यांना माझ्याकडून कळलं. एकीचा पट्टा ओढताना अडकत होता. दुसरी माझ्या गाडीच्या, म्हणजे तुमच्याही सारख्याच गाडीच्या, मागच्या जागेत इतकी उभी बसली की पुढची सीट पार डॅशबोर्डला टेकवावी लागली असती, आणि जावईबापूंचे पाय तू ओळखतेस. तिसरी बसली. मी ती माझ्या गाडीत स्वतः आवळली आणि पट्ट्याजवळ धरून हलवून पाहिली. बोटभरसुद्धा हलली नाही. भिंगरीची बसलेली उंची मी गेल्या गुरुवारीच, मनात धाकधूक होती म्हणून, आंघोळीच्या वेळी टेपनं घेतली होती, तिला वाटलं नवा खेळ आहे. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे तिच्या खांद्याच्या किंचित खालून यायला हवेत. खालून दुसरी खाच, मी लावून ठेवली आहे. तरी तू पुन्हा तपास. तू तपासशीलच.

हे वाचताना तू मनात म्हणत असशील, आईला अचानक हे सगळं कसं पाठ झालं? तर ऐक.

पाच आठवड्यांपूर्वी माझ्या गाडीचा पुढचा बंपर आणि डावा दिवा बदलला. तुला मी सांगितलं की पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून पळून गेलं. तू बिचारी माझ्या वतीनं त्या अज्ञात माणसावर चिडलीस. कुणी ठोकून गेलं नव्हतं. मी ठोकलं. दवाखान्याच्या चौकाअलीकडे पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि मी त्याच्यावर जाऊन आदळले. टेम्पोवाला खाली उतरला, माझे पांढरे केस पाहिले आणि म्हणाला, ‘आजी, या वयात रिक्षा करत जा.’ त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, आमच्या मिशनरी शाळेतल्या सिस्टरनी माझं तोंड साबणानं धुतलं असतं. मी भिंगरीला सांभाळते त्या मंगळवार-गुरुवारपैकीच तो एक दिवस होता, म्हणजे तुझ्याकडची सीट माझ्या गाडीत होती. संध्याकाळी ती नेहमीसारखी काढून मी तुझ्याकडे परत दिली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

पण मला चैन पडेना. विभागात असताना शिशाचा एप्रन कुणी घडी करून ठेवला की मी आकांडतांडव करायची, तुला आठवतं? वरून नवाकोरा दिसणारा एप्रन आत चिरलेला असतो आणि किरण त्यातून आरपार जातात. म्हणून दर सहा महिन्यांनी आम्ही सगळ्या एप्रनांचे एक्स-रे काढायचो. तेच डोक्यात बसलं. पुढच्या मंगळवारी मी ती सीट उचलली आणि माझ्या जुन्या विभागात घेऊन गेले. माझ्या हाताखाली शिकलेली चष्मेवाली आता तिथली प्रमुख आहे. तिनं सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, हे प्लास्टिक आहे आणि आत थर्माकोल. यात मला काय दिसणार?’ मी म्हटलं, काढ तू. तिनं चार बाजूंनी फिल्म काढल्या. मी पडद्याला नाक लावून अर्धा तास बघत बसले. कुठे रेघ नाही, भेग नाही. मी मोठ्यांदा म्हणाले, ‘साफ आहे.’ जी वस्तू फिल्मवर धड उमटतच नाही, तिच्यात दोष दिसत नाही म्हणून ती साफ ठरवायची, ही चूक एखाद्या शिकाऊ मुलीनं केली असती तर मी तिला महिनाभर नुसत्या एक्स-रे फिल्मच्या कॅसेट पुसायला लावल्या असत्या. मी ती चूक जाणूनबुजून केली आणि सीट गाडीत ठेवून घरी आले.

या रविवारी तुझा फोन आला. शनिवारचा बेत सांगताना तू म्हणालीस, ‘त्या सीटमुळे मला घोर नाही गं आई, एवढ्या लांब जायला काही वाटत नाही.’ फोन ठेवल्यावर मी त्या सीटची पुस्तिका वाचली. तू मला सहा महिन्यांपूर्वी तिची प्रत काढून दिली होतीस आणि मी ती वाण्याच्या याद्यांखाली घातली होती. अकराव्या पानावर चौकटीत लिहिलं आहे: धडक बसलेल्या गाडीतली सीट पुन्हा वापरू नये, वरून काहीही दिसत नसलं तरी. आतला थर्माकोल एकदा दबला की दबला, पट्टे एकदा ताणले की ताणले. दुसऱ्या धडकेला ती काम करेलच असं नाही. पाच आठवडे माझी नात त्या सीटमध्ये बसते आहे, तुझ्या गाडीतही आणि माझ्याही. मी तुला त्याच क्षणी फोन करायला हवा होता. केला नाही. दुकान सोमवारी बंद असतं, तेवढं निमित्त मला पुरलं. आमच्या शाळेत दर शुक्रवारी ख्रिस्ती मुली रांगेनं फादरकडे कबुलीजबाबाला जायच्या आणि आम्हा बाकीच्यांना तो तास शिवणाचा असायचा. त्यामुळे मला काज करता येतं, कबुली देता येत नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकते आहे, हस्ताक्षर बघूनच तुला कळलं असेल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. फिल्म काढण्याआधी चष्मेवालीनं मला विचारलं, ‘मॅडम, धडक बसली तेव्हा सीटमध्ये कुणी होतं का?’ मी म्हणाले, ‘नाही, रिकामी होती.’ रिकामी नव्हती, ठमे. भिंगरी होती. गुरुवार होता, मी तिला पाळणाघरातून घेऊन येत होते. मागे तिची बडबड चालली होती ती एकदम थांबली. तोंड दिसत नव्हतं, म्हणून मी मान वळवून पाहिलं. टेम्पो अचानक थांबलेला नव्हता, सिग्नल लाल होता. मी उतरून मागचं दार उघडलं तर ती बुटाचा बंद चघळत माझ्याकडे बघत होती. रडलीसुद्धा नाही. ‘धडाम’ म्हणाली. हा शब्द ती कुठून शिकली म्हणून तू पाळणाघरातल्या बाईंना विचारत होतीस, तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि ‘मुलं काय, कुठूनही शिकतात’ असं म्हणाले. मी तिची मान चाचपली, हातपाय हलवून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, तीन तास तिला झोपू दिलं नाही. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण तिथे आईचा नंबर विचारतात. मूल पडलं की आधी दाखवायला आणा, असं मी चौतीस वर्षं आयांना दटावलं, आणि स्वतःच्या नातीवर वेळ आली तेव्हा सीटचा एक्स-रे काढला. मला भीती वाटली की तू मंगळवार-गुरुवार काढून घेशील. तुझे बाबा गेल्यापासून माझ्या आठवड्यात तेवढे दोनच दिवस असतात, बाकीचे मी नुसते ढकलते. ती ठणठणीत दिसते, पण माझ्या दिसण्यावर आता विसंबू नकोस. शुक्रवारी तिला डॉक्टरांना दाखव आणि सगळं खरं सांग. धडकेची तारीख आणि वेळ मी पत्राच्या मागे लिहिली आहे. जिची मी टिंगल केली, त्या तू निवडलेल्या सीटनं तिला धरून ठेवलं, म्हणून तिला खरचटलंही नाही, हे तुला कळायलाच हवं होतं. या गुरुवारी मी येणार नाही, मंगळवारीही नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि गाडीनं नाही, रिक्षानं. ‘मला माफ कर’ असं तीनदा लिहून खोडलं, कारण आधी तू पोटभर रागवायला हवंस. रागव. पण त्याआधी खाली जा, ती जुनी सीट गाडीतून काढ आणि तिचे पट्टे कात्रीनं कापून मगच कचऱ्यात टाक. नाहीतर चांगली दिसते म्हणून कुणीतरी उचलून नेईल आणि आपलं मूल तिच्यात बसवेल.

तू म्हणशील तोवर लांबूनच, पण तुझीच,
आई