नवा डोळा आणि पिवळं पाणी

दवाखान्याच्या फोटोसाठी मला तीनदा हसायला लावलंत, पण नळाचं पाणी अजून पिवळंच येतंय, हे आधी ऐका.

कारखान्याचे मालक, आता नमस्कार.

तुमचा दवाखाना एक नंबर. डॉक्टरचा हात हलका, आणि पैसाही घेतला नाही. मी सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही, पण तुम्हाला मानलं. मोतीबिंदू गेला आणि मी सुईत दोरा ओवला.

सून केव्हाची सांगत होती, "सासूबाई, कारखान्याची घाण नळात उतरतेय." मी म्हणायचे, "तुझे नखरे! पी गुमान." घरी येऊन तुम्ही दिलेल्या डोळ्यानं पेला बघितला. पिवळाजर्द! तिला पाचवा महिना आहे, मालक. मी तिची माफी मागितली. आता टेकडीवरच्या हापशावरून कळशी मीच आणते. डोळ्याचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही, पण म्हणून पोटातल्या बाळाला हे पाणी पाजू का?

मुलगा तुमच्याच मशीनवर कामाला आहे, त्याची नोकरी जाईल म्हणून पत्र अजून पिठाच्या डब्याखाली आहे.

तुमच्या फोटोतली म्हातारी

पत्र कधी पोचलंच, तर उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. फोटोवाल्या बाईला पाठवू नका, ती पुन्हा हसायला लावेल.