चुन्याखालचा कोपरा

नांदेड,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. मंजुश्रीस,

अक्काचा आशीर्वाद. अप्पांना माझा शरणार्थी-नमस्कार सांग. इकडं सगळं बरं हाय. गोदावरी भरून चाललीय, कॉलेजात ॲडमिशनची धांदल आहे, आणि यांचा गुडघा परत धरलाय. तरी हे उद्या सकाळी उदगीरला यायलेत, त्यांच्याच हाती पत्र देते. रविवारी तू फोन कापलास, नंतर उचललाच नाहीस. पत्र मधेच कापता येत नाही.

त्या फोनवरचं अप्पांचं बोलणं अजून कानात आहे. मी म्हणाले, गोदामाच्या ईशान्य कोपऱ्यातला स्लॅब कमकुवत झालाय, वरची पोती उतरवा. तर म्हणाले, "पोटात दुखायलंय तुझ्या."

दुखायलंय, हाव. लई वर्षांपासून दुखायलंय. काँक्रीट किती आग सोसतं यावर मी पीएचडी केली, वर्षानुवर्षं भट्टीत ठोकळे भाजले. अप्पांनी त्याबद्दल एकदाच विचारलं, "भाजलेल्या ठोकळ्यांना गिऱ्हाईक कोण?" इंजिनिअरिंगला तुझा स्ट्रक्चर्सचा पेपर दोनदा राहिला होता, विसरलीस का? आणि मे महिन्यात बारदान्याला आग लागली, दिवसभर खालचा मजला धुमसत राहिला, तरी तू बांधलेला स्लॅब पडला नाही. तेव्हापासून मोंढ्यात तूर घेऊन येईल त्याला अप्पा छताकडं बोट करून सांगतात, "माझ्या मंजूचं काम." मला बोलावलं तेसुद्धा तपासायला नाही, कौतुक करायला. आल्या आल्या आल्याचा चहा पुढं केला, तुझ्या आवडीचा. मला आलं सोसत नाही हे त्या घरात कुणाला आठवत नाही.

आणि आग विझून आठवडा व्हायच्या आत तुम्ही छताला चुना मारलात. का, तर लक्ष्मीच्या जागेचं तोंड काळं दिसू नये. अप्पांचं समजू शकते, ते व्यापारी माणूस. पण तू इंजिनिअर ना गं? आगीनं काय केलं ते काँक्रीटच्या रंगावरून कळतं. तीनशे अंशांच्या वर तापलं की ते बहुतेक वेळा गुलाबी पडतं, आणि थंड झालं तरी गेलेली ताकद परत येत नाही. तुमच्याकडं आलेले सगळे पांढरंशुभ्र छत बघून मान डोलवून गेले. मी चारी कोपऱ्यांत चुना खरवडला. ईशान्येला खाली गुलाबी निघालं. तू तेव्हा गिऱ्हाइकांत होतीस.

खरं सांगू? मला बरं वाटलं. चारी कोपऱ्यांतून काढलेले काँक्रीटचे तुकडे नांदेडला आणून मशीनखाली दाबले. पहिले तीन पक्के निघत गेले तसं माझं तोंड उतरत गेलं. चौथा निम्म्या ताकदीतच फुटला, आणि मी प्रयोगशाळेत एकटीच हसले. मग माझीच मला भीती वाटली. माझ्या मनात होतं तेच मला दिसत असेल तर? म्हणून त्याच कोपऱ्यातला दुसरा तुकडा आमच्या विभागातल्या नागसेन सरांना दिला, कुणाच्या घरचा ते न सांगता. त्यांचंही उत्तर तेच आलं. म्हणाले, "मॅडम, याच्याखाली कुणी उभं राहत नाही ना?"

आता फोनवर जे बोलले नाही ते लिहिते. मी म्हणाले होते, "तुझा स्लॅब गेला." मुद्दाम "तुझा" म्हणाले, आणि पुढं गप बसले. दोष तुझ्या कामाचा नाही. बारदान्याची मोठी थप्पी त्याच कोपऱ्यात जळत होती, आणि बंबाचं थंड पाणी तापलेल्या छतावर तिथंच बसलं. त्यात तो आतून तडकला. आग विझवायला त्यांना दुसरा इलाज नव्हता. बाकीचे तीन कोपरे वाचले ते तुझ्यामुळं. सळयांच्या खाली काँक्रीटचा थर तू कुठं कमी पडू दिला नाहीस. भर उन्हाळ्यात स्लॅब टाकलास, पण तीन आठवडे त्यावरचं पाणी तुटू दिलं नाहीस. मी आजवर एक इमारत बांधलेली नाही. माझ्या हातून इतकं नेटकं काम झालं असतं का, मला सांगता येत नाही. हे अप्पांसमोर मोठ्यानं वाचलंस तरी चालेल.

पण सोमवारी तुमची श्रावणातली शेवटची पूजा. स्वामीजी वरच्या मजल्यावर बसणार, सगळा मोंढा प्रसादाला वर चढणार, आणि ईशान्येला हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी तशीच. मंजू, एवढं वजन तो कोपरा घेणार नाही. पोती उतरव, खालून टेकू लाव, पूजा मठात हलवा. तेवढाच भाग तोडून नवा टाकता येतो, गोदाम पाडायची काही गरज नाही. माझ्यावर भरवसा नसेल तर लातूरहून कुणालाही बोलव, फक्त आधी चुना काढून दाखव.

मी सोमवारी येतेय. तुम्ही काहीच केलं नसेल तर मी वर पूजेला येणार नाही. खाली, त्याच कोपऱ्यात सतरंजी टाकून बसेन. तुमच्या मते स्लॅब पक्का आहे, मग मला तिथून उठवायची कुणाला घाई नसावी. अप्पा उठवायला आले तर मला फार बरं वाटेल. तू आलीस तरी उठेन.

तुझा हेवा करणारी, आणि पुढंही करत राहणारी,
तुझी अक्का,
शिवकन्या